बटण बंद, बल्ब चालू!

रात्रीचे अकरा. बटण बंद, घर झोपलेलं, आणि बैठकीतला एलईडी बल्ब मात्र काजव्यासारखा मिणमिणतोय. चारठाण्यासारख्या गावात असं झालं तर भलत्यासलत्या शंका यायला वेळ लागत नाही. जिंतूर तालुक्यातलं हे गाव मुळातच जुन्या काळाशी शेजारधर्म पाळणारं. प्राचीन मंदिरं, तो उंच कोरीव दगडी स्तंभ, जागोजागी पडलेले घडीव चिरे. पण थांबा, देवऋषी बोलावू नका. वायरमन बोलवा.

बहुतेक वेळा कारण एकच. बटणातून फेज न्यायचा, त्याऐवजी न्यूट्रल नेलेला असतो. बटण बंद केलं तरी फेज होल्डरपर्यंत आलेलाच असतो आणि भिंतीतल्या वायरींच्या शेजारामुळे चिमूटभर करंट पाझरत राहतो. साठ वॅटच्या जुन्या बल्बला एवढ्याने काही होत नसे; त्याची तार लाल व्हायलाच भरपूर वीज लागायची. एलईडीला मात्र तेवढा पाझरही पुरतो. दुसरा संशयित म्हणजे बटणातच बसवलेला तो छोटा लाल इंडिकेटर. बटण बंद असताना तो पेटतो आणि त्याच्यातून जाणारा करंट बल्बपर्यंत पोचतो. इंडिकेटर निरुपद्रवी आहे. उलटं कनेक्शन तसं नाही: बल्ब बदलायला बटण बंद करून स्टुलावर चढलात तरी होल्डर जिवंतच असतो. टेस्टर लावून बघा आणि वायर बदलून घ्या.

झिरोचा बल्ब झिरो नव्हता

झोपायच्या खोलीतला तो लाल-हिरवा ‘झिरोचा बल्ब’ आठवतो? तो जवळपास पंधरा वॅट खायचा. जुन्या चकतीच्या मीटरला एवढी बारीक खेच नीट जाणवत नसे, म्हणून बिलाच्या दृष्टीने झिरो! आज नऊ वॅटचा एलईडी अख्खी खोली उजळतो, म्हणजे रात्रभर जळणाऱ्या त्या झिरोपेक्षा कमीच विजेत. एका युनिटमध्ये हा बल्ब १११ तास चालतो. साठ वॅटचा जुना बल्ब जेमतेम सतरा.

आता हाच हिशेब घरच्या धरणाला लावू. पूर्णा नदीवरचं येलदरी याच जिंतूर तालुक्यात. तिथल्या जलविद्युत केंद्राची क्षमता साडेबावीस मेगावॅट. सगळी जनित्रं पूर्ण जोमात चालली, तर त्या विजेवर साठ वॅटचे पावणेचार लाख बल्ब लागतील. नऊ वॅटचे एलईडी? पंचवीस लाख. पाणी तेवढंच, धरण तेच.

आणि भाव? सरकारी घाऊक खरेदीत जानेवारी २०१४ मध्ये एक एलईडी बल्ब ३१० रुपयांना पडत होता. ५ जानेवारी २०१५ ला उजाला योजना सुरू झाली आणि २०१६ पर्यंत तोच भाव ३८ रुपयांवर आला. महागाईच्या गप्पांत हे उदाहरण कुणी देत नाही, हे मात्र खरं.

पंख्याचा रेग्युलेटर बल्बला लावू नका

उजेड कमी-जास्त करणं ही काही शहरी चैन नव्हे. कंदिलाची वात चावीने खाली करणारी आजी तेच करत होती. पुढे साध्या बल्बला रेग्युलेटर लावला की तो गुमान मंद होई. कमी वीज, कमी उष्णता, कमी उजेड.

एलईडीशी हा व्यवहार जमत नाही, कारण तो नुसता बल्ब नाही. त्याच्या पोटात ड्रायव्हर नावाचं सर्किट बसलेलं असतं आणि त्याचं कामच मुळी दिव्यांना ठरलेला करंट देत राहणं. तुम्ही रेग्युलेटरने वीज कापता, तो आतून भरपाई करतो. फारच कापलीत की त्याचा जीव जातो, थोडी वीज साठते, पुन्हा पेटतो, पुन्हा जातो. त्यालाच आपण ‘बल्ब लुकलुकतोय’ म्हणतो. डिमर लावायचाच असेल तर खोक्यावर ‘डिमेबल’ छापलेला बल्ब घ्या. आणि डिमर एलईडीसाठीचाच हवा, कारण जुन्या डिमरला मोठा लोड लागतो. नऊ वॅट त्याच्या खिजगणतीतही नसतात.

मंद उजेडात आपले डोळे आपल्याला फसवतात, तो भाग वेगळाच. मोजून पाव उजेड केला तरी डोळ्यांना तो साधारण अर्धा वाटतो. म्हणजे बचत वाटते त्याहून जास्त!

छतातल्या ‘थ्री इन वन’ पॅनलची गंमत याहून न्यारी. बटण पटकन बंद-चालू केलं की पांढरा, पुन्हा केलं की पिवळा, पुन्हा केलं की मधला. लाईट झटकन जाऊन परत आली तरी पॅनल समजतं की तुम्हीच बटण दाबलं. पाहुण्यांसमोर बैठकीचा रंग आपोआप बदलला, तर दोष विजेच्या लपंडावाचा.

लो व्होल्टेजचा वाघ

संध्याकाळी सगळ्यांच्या मोटारी नि कूलर एकदम लागले की व्होल्टेज १६० वर येतं. तेव्हा साधा बल्ब नेहमीच्या तिसऱ्या हिश्श्याएवढाही उजेड देत नसे आणि चोकची ट्यूबलाईट नुसतीच फडफडायची. बऱ्या ड्रायव्हरचा एलईडी मात्र शंभर व्होल्टपासून तीनशेपर्यंत एकाच तोऱ्यात जळतो. त्याची खरी परीक्षा डीपीवरचा न्यूट्रल तुटला की होते. मग कुणाच्या घरी व्होल्टेज शंभरावर, तर कुणाच्या घरी तीनशेच्याही वर उसळतं, आणि एका रात्रीत आळीभरचे बल्ब जातात.

आठवडी बाजारात विक्रेता बल्ब नुसता तळहातावर टेकवून पेटवून दाखवतो, ती जादू इन्व्हर्टर बल्बची. आत लिथियमची बॅटरी. लाईट गेली की बल्ब आपल्याच बॅटरीतून घरच्या वायरिंगमध्ये बारीक करंट सोडून वाट शोधतो. चालू राहिलेला पंखा, फ्रिज किंवा डीपीतली कॉईल त्याला ती वाट देते. वाट मिळाली की तो ओळखतो, ‘लाईट गेलीय, बटण चालू आहे’, आणि पेटतो. बटणच बंद असेल तर वाट तुटलेली, म्हणून गप्प. विक्रेत्याच्या तळहाताची घामट कातडीही वाट म्हणून चालते, इतकंच. या बल्बचं बटण चालू ठेवावं लागतं; ‘लाईट नसताना बटण कशाला’ म्हणून घरातलं कुणीतरी ते बंद करतं आणि मग विक्रेत्याच्या नावाने बोटं मोडतं.

अमेरिकेतल्या भाच्याकडे हा बल्ब भेट म्हणून नेऊ नका. तिथे १२० व्होल्ट, होल्डर आट्यांचा. आपला पिनांचा होल्डर इंग्रजांचा वारसा, आणि बटण खाली केलं की चालू ही सवयही त्यांचीच. अमेरिकेत बटण वर केलं की दिवा लागतो; नवीन गेलेला मराठी माणूस पहिले काही दिवस अंधारात बसतो.

पावसाळ्याच्या तोंडावर ओसरीत हुमणीचे भुंगेरे नि पाकोळ्या नको असतील तर तिथे पिवळ्या झाकेचा एलईडी लावा. किड्यांना निळा आणि अतिनील उजेड जास्त ओढतो. पिवळ्यात तो कमी असतो.

मखराला लावतात त्या बारा व्होल्टच्या पट्टीवर दर तीन दिव्यांनंतर कात्रीची खूण का असते? पांढऱ्या एलईडीला साधारण तीन व्होल्ट लागतात. तीन मिळून नऊ, उरलेले तीन रेझिस्टरच्या वाट्याला. खूण सोडून मधेच कापली तर ते तिन्ही दिवे गेले. आणि पाच मीटरची पट्टी एकाच टोकाने जोडली की शेवटाकडे उजेड मलूल होतो, कारण बारीक तांब्यातून जाता जाता व्होल्टेज झिजतं. दोन्ही टोकांना वायर द्या, महालक्ष्म्यांच्या दोन्ही बाजू सारख्या उजळतील.