यादीतून निसटलेला सर्व्हर

१ ऑगस्ट २०१२च्या सकाळी न्यूयॉर्कचा शेअरबाजार उघडला आणि नाइट कॅपिटल या दलाल कंपनीच्या संगणकांनी खरेदी-विक्रीचा सपाटाच लावला. पाऊण तासात १५४ कंपन्यांच्या शेअरमध्ये ४० लाखांवर व्यवहार झाले आणि कंपनी ४६ कोटी डॉलरहून अधिक रकमेला बुडाली. एसईसी या अमेरिकी नियामक संस्थेने चौकशीनंतर नोंदवलेले कारण ऐकायला अगदीच किरकोळ वाटते. सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आठ सर्व्हरवर चढवायची होती. तंत्रज्ञाने ती सातांवरच चढवली. आठव्यावर २००३ पासून वापरात नसलेला जुना कोड तसाच पडून होता. तो जागा झाला.

पुढचा प्रकार तर आणखी वाईट. धांदलीत उपाय म्हणून नवा कोडच काढून टाकण्यात आला, तोही नीट चाललेल्या सात सर्व्हरवरून. मग त्या सातांनीही आठव्याचाच कित्ता गिरवला.

सर्व्हर आठच होते, हे लक्षात घेण्याजोगे आहे. आज एखाद्या मध्यम आकाराच्या कंपनीकडेही शेकडो असतात, आणि सकाळी असलेले संध्याकाळी असतीलच असे नाही.

वस्तूंची नोंद ठेवायला शाळेत किंवा सरकारी कचेरीत डेड स्टॉक रजिस्टर असते. खुर्ची, कपाट, पंखा, प्रत्येकावर रंगाने नंबर टाकायचा, वहीत नोंद करायची आणि वर्षातून एकदा पडताळणी. सर्व्हर वर्षानुवर्षे एकाच खोलीत घोंघावत असत, तोवर त्यांच्यासाठीही अशी वही पुरत होती. ॲमेझॉनने २००६ मध्ये ईसी२ ही सेवा आणली आणि सर्व्हर तासांच्या हिशेबाने भाड्याने मिळू लागले. जून २०१६ मध्ये ॲमेझॉनचे क्लाउड केंद्र मुंबईतही सुरू झाले. २०१७ पासून तर बऱ्याचशा लिनक्स सर्व्हरचे भाडे सेकंदाच्या हिशेबाने लागू लागले. सर्व्हर थांबवून पुन्हा सुरू केला की त्याचा बाहेरून दिसणारा पत्ता सहसा बदलतो. अशा मालाची नोंद वहीत कोण आणि किती वेळा करणार?

अनेक सर्व्हरवर एकाच वेळी काम करायला जी साधने वापरतात, त्यांत अँसिबल हे नाव बरेच वर आहे. मायकेल डीहान यांनी ते २०१२ मध्ये लोकांपुढे आणले. २०१५ मध्ये रेड हॅट कंपनीने ते विकत घेतले. त्याची खुबी अशी की समोरच्या सर्व्हरवर वेगळे काही बसवून ठेवावे लागत नाही. एसएसएच या सुरक्षित जोडणीने आत शिरायचे, सांगितलेले काम करायचे आणि बाहेर पडायचे. पण शिरायचे कुठे, हे त्याला कोणीतरी सांगावे लागते. ती यादी म्हणजे इन्व्हेंटरी. तिचे सर्वांत साधे रूप म्हणजे एक मजकुराची फाइल: वेब सर्व्हरचा गट, डेटाबेसचा गट आणि प्रत्येकाखाली पत्ते. पाच-दहा सर्व्हर असतील तर आजही हीच फाइल उत्तम. उगाच त्यापुढे जाऊ नये.

पसारा वाढला की डायनॅमिक इन्व्हेंटरी लागते. काम सुरू करताना अँसिबल थेट ॲमेझॉनलाच विचारते, या घडीला आमच्या खात्यावर कोणकोणते सर्व्हर आहेत? पूर्वी हे काम पायथनमधली एक लांबलचक स्क्रिप्ट करत असे. आता त्यासाठी प्लगइन आहे, आणि माणसाने लिहायची ती थोडक्या ओळींची वायएएमएल फाइल. तिच्या नावाचा शेवट मात्र ठरलेल्या अक्षरांनीच व्हावा लागतो, नाहीतर प्लगइन तिच्याकडे ढुंकूनही पाहत नाही. सर्व्हरची माहिती नुसती वाचण्याची परवानगी असली तरी यादी तयार होते. सर्व्हर बंद करण्याचे किंवा पुसण्याचे अधिकार प्लगइनला देण्याचे काहीच कारण नाही, तरी घाईत ते सर्रास दिले जातात.

त्या वायएएमएल फाइलीत ॲमेझॉनचा कोणता भौगोलिक विभाग पाहायचा, कोणते सर्व्हर घ्यायचे आणि त्यांचे गट कशावरून पाडायचे, एवढे सांगायचे असते. विभाग लिहिला नाही, तर मुंबईतल्या चार सर्व्हरसाठी साओ पावलोपर्यंत चौकशी होते. ‘चालू असलेलेच घ्या’ असे बजावले नाही, तर थांबवून ठेवलेले सर्व्हरही यादीत येतात. मग कोणी नसलेल्या घराचे दार ठोठावण्यात वेळ जातो.

खरी मेख टॅगमध्ये आहे. टॅग म्हणजे सर्व्हरला चिकटवलेली चिठ्ठी: हा कोणत्या प्रकल्पाचा, काय काम करतो, चाचणीचा आहे की ग्राहकांचा. प्लगइन सहसा या चिठ्ठ्या वाचूनच गट पाडते. इंग्रजीतली लहान-मोठी लिपी इथे वेगळी धरली जाते. त्यामुळे एकाने मोठ्या टीने ‘टेस्ट’ लिहिले, दुसऱ्याने लहान टीने आणि तिसऱ्याने ‘टेस्टिंग’, तर एकाच कामाचे तीन गट होतात आणि सूचना त्यांतल्या एकालाच पोचते. नाइट कॅपिटलचा आठवा सर्व्हर अशा वाटेनेही निसटू शकतो. यंत्राने यादी केली म्हणून ती पूर्ण आहे, ही समजूत हाताने लिहिलेल्या यादीपेक्षा जास्त घातक, कारण मग तिच्यावर कोणी नजरही टाकत नाही.

सॉफ्टवेअरच्या चाचणीत सर्व्हरची ही ये-जा पराकोटीला जाते. ओपनस्टॅक या मुक्त प्रकल्पात झूल नावाची यंत्रणा आहे. कोणी कोडमध्ये बदल सुचवला की ती कोरे आभासी सर्व्हर मागवते, त्या एका कामापुरती यादी स्वतः तयार करते, अँसिबलकडून चाचण्या चालवून घेते आणि सर्व्हर परत करून टाकते. अशा ठिकाणी जुनी यादी जपून ठेवणे अंगाशी येते. ॲमेझॉनच्या प्लगइनला यादी साठवून ठेवायला सांगता येते, आणि मुदत बदलली नाही तर ती तासभर वापरली जाते. दहा मिनिटे जगणाऱ्या सर्व्हरसाठी तास म्हणजे युग. चाचणीचे आणि ग्राहकांचे सर्व्हर वेगवेगळ्या खात्यांवर ठेवणे, हा सर्वांत स्वस्त विमा: टॅग चुकला तरी चाचणीच्या यादीत ग्राहकांचा डेटाबेस येऊच शकत नाही.

उलटी चूक मात्र गुपचूप घडते. सर्व्हर निवडण्याच्या अटीत, म्हणजे फिल्टरमध्ये, एक अक्षर चुकले आणि यादी रिकामी आली, तर अँसिबल जुळणारा सर्व्हर नाही एवढे सांगून पुढे जाते आणि काम यशस्वी झाल्याचा निर्वाळा देते. पडद्यावर हिरवी खूण उमटते. तपासलेले काहीच नसते. म्हणून चाचणीच्या पहिल्याच पायरीला यादीतले सर्व्हर मोजावेत आणि अपेक्षेहून कमी भरले तर तिथेच थांबावे. अँसिबलमध्ये त्यासाठी असर्ट नावाचे मॉड्यूल आहे. ही मोजणी ज्या संगणकावरून अँसिबल चालते, त्याच्यावरच करावी लागते. यादीतल्या सर्व्हरवर सोपवली आणि यादी रिकामी निघाली, तर मोजणीही वगळली जाते आणि खूण पुन्हा हिरवीच.