टायर मोठा, मीटर खोटं

गॅरेजच्या फरशीवर दोन चाकं शेजारी शेजारी उभी केली होती. एक पिकअपचं नुकतंच बसवलेलं मोठं चाक, दुसरी त्याच गाडीची स्टेपनी, जुन्या मापाची. मिस्त्रीने दोन्ही टायरांवर खाली, जमिनीला टेकतात तिथे खडूने रेघ मारली, दोन्ही चाकं एक-एक फेरा लोळवली आणि रेघ पुन्हा जमिनीला लागली तिथे खूण केली. स्टेपनी 2 मीटर 21 सेंटिमीटर गेली, नवं चाक 2 मीटर 30. ‘हे बघा,’ तो म्हणाला, ‘तुमचे किलोमीटर या नऊ सेंटिमीटरात गेलेत.’

वर्ष 2012. जालना जिल्ह्यात पाऊस नव्हता. पिकअपच्या हौद्यात प्लास्टिकची टाकी ठेवून गावोगाव पाणी चाललं होतं आणि या मालकाच्या खेपांचा हिशेब मीटरवरच्या किलोमीटरवर होता. पाण्याचं वजन सोसावं म्हणून त्याने 215/75 आर 15 काढून 235/75 आर 15 हे टायर घातले. पंधरा दिवसांत लक्षात आलं की त्याच विहिरीवरून त्याच गावाला जाताना मीटर कमी पळतंय. मीटर बिघडलं म्हणून तो गॅरेजात आला होता. मीटर ठणठणीत होतं. ते किलोमीटर मोजतच नाही, चाकाचे फेरे मोजतं, आणि एका फेऱ्यात किती अंतर कापलं जातं हा आकडा कारखान्याने जुन्या टायरच्या मापाने धरलेला असतो. फेरा नऊ सेंटिमीटरने लांबला, तर दर किलोमीटरला चाळीसेक मीटर हिशेबाबाहेर जातात. शंभर किलोमीटरचे पैसे घेताना तो माणूस एकशेचार किलोमीटर डिझेल जाळत होता. दुष्काळात ही तूट लहान नव्हती.

त्या दिवसापासून मी या गोष्टीकडे लक्ष ठेवून आहे. मागे वळून पाहताना वाटतं की मोठ्या टायरची आपली सवय उगाच पडलेली नाही, तिला या मातीत कारण होतं.

1 मे 1981 रोजी औरंगाबाद आणि परभणीतून तालुके काढून जालना जिल्हा झाला. त्या काळात खेड्यापाड्यांत माल आणि माणसं दोन्ही वाहणारी गाडी म्हणजे जीप. महिंद्राच्या त्या जुन्या पेट्रोल जीपच्या मागच्या अ‍ॅक्सलला 5.38 चं क्राऊन-पिनियन असायचं: क्राऊनला 43 दाते, पिनियनला 8. म्हणजे प्रोपेलर शाफ्ट 5.38 वेळा फिरल्यावर चाकाचा एक फेरा. पेट्रोल परवडेना तेव्हा अनेकांनी ते इंजिन उतरवून डिझेल इंजिन बसवलं. डिझेलला ताकद भरपूर, पण ते पेट्रोलइतकं वर फिरत नाही. मागचं क्राऊन-पिनियन तेच राहिलं, त्यामुळे गाडी ओढायची जोरात आणि पन्नास-साठच्या पुढे नुसती ओरडायची. अशा जीपला 6.00-16 च्या जागी 7.00-16 टायर घातला की घेर साधारण सात टक्क्यांनी वाढायचा आणि 5.38 चं प्रमाण पाचच्या आसपास असल्यासारखं वागायचं. इंजिन निवांत व्हायचं, गाडी पळायची. क्राऊन-पिनियन बदलण्यापेक्षा टायर बदलणं स्वस्त होतं. त्या जुन्या मिस्त्रींनी गिअरच बदलला होता, फक्त तो बाहेरून बदलला. टायर हा गाडीचा शेवटचा गिअर आहे, हे त्यांना पुस्तकाशिवाय कळलेलं होतं.

दुसरं कारण पांदणीचं. अंबड, घनसावंगी, बदनापूरकडच्या मोसंबीच्या बागा काळ्या जमिनीत आहेत. पावसाळ्यात आंब्या बहाराची फळं निघतात, तेव्हा बागेपासून डांबरी रस्त्यापर्यंतचा अर्धा किलोमीटर हाच सगळ्यात लांबचा प्रवास असतो. काळी माती चाकाला चिकटते, चाकोरी खोल होत जाते आणि गाडीच्या मागच्या अ‍ॅक्सलचं हौसिंग मधल्या उंचवट्यावर टेकतं. टेकलं की संपलं, मग ट्रॅक्टर बोलवा. टायर तीन सेंटिमीटरने मोठा असेल तर हौसिंग दीड सेंटिमीटरने उचललं जातं. ऐकायला कमी वाटतं, पण मोकळी मोसंबी भरलेली गाडी त्या दीड सेंटिमीटरावर निघालेली मी पाहिली आहे. त्यामुळे शेतकऱ्याला कुणी या हौसेवरून बोल लावला तर मला पटत नाही.

1986 मध्ये टाटाची 407 आली, 2005 मध्ये एस आली आणि त्याच सुमारास बोलेरो पिकअप गावोगाव दिसू लागली. स्टीलच्या कारखान्यांतल्या सळ्या, बियाण्यांच्या गोण्या, कडवंचीची द्राक्षं, कापूस, सगळं पिकअपवर आलं. रेशीम कोषांची बाजारपेठ 2018 मध्ये जालन्यात सुरू होण्याआधी कोष विकायला शेतकरी थेट कर्नाटकात रामनगरला जात. जीपच्या काळातली टायरची युक्ती या नव्या गाड्यांवरही तशीच आली. इथेच चूक झाली असं माझं मत आहे.

या गाड्यांचं इंजिन, गिअरबॉक्स आणि क्राऊन-पिनियन कारखान्याने एकमेकांशी जुळवून दिलेलं असतं. त्यात सुधारायला जुन्या जीपसारखं काही उरलेलं नव्हतं. विहिरीवरच्या रहाटाचा लाकडी गोळा जाड केला तर एका फेऱ्यात दोर जास्त वर येतो, पण हाताला भार तेवढाच वाढतो. इथे तसंच होतं. टायर चार टक्क्यांनी मोठा झाला की जमिनीला मिळणारी ओढ चार टक्क्यांनी कमी होते, आणि ती प्रत्येक गिअरमध्ये कमी होते. मोकळ्या गाडीला कळत नाही. दोन टन भरून औट्रम घाट चढताना कळतं: तिसऱ्यावर चढणारी गाडी दुसरा गिअर मागते, ड्रायव्हर अर्ध्या क्लचवर तिला धरून ठेवतो आणि क्लच प्लेट वेळेआधी जाते. पाचव्या गिअरमध्ये सपाट रस्त्यावर इंजिन थोडं कमी फिरतं हे खरं. पण भरलेली गाडी समोरच्या वाऱ्यात पाचव्यावर दम धरत नाही, मग चौथ्यावरच पळवावी लागते आणि तो फायदा हातात राहत नाही. ब्रेकचंही हेच गणित आहे. ड्रम तेवढाच, लायनिंग तेवढंच, पण चाकाची त्रिज्या वाढलेली, म्हणून तेवढ्याच दाबाला गाडी थांबवणारा जोर कमी. या बाजूचा विचार गॅरेजात फार कमी वेळा होतो.

अ‍ॅव्हरेजबद्दल मात्र एक गैरसमज दूर करायला हवा. मोठे टायर घातल्यावर ‘बाराचं अ‍ॅव्हरेज साडेअकरावर आलं’ अशी तक्रार येते. मीटर चार टक्के कमी मोजत असेल तर साडेअकरा म्हणजे प्रत्यक्षात जवळपास बाराच. उलट ऑइल बदलायची वेळ पुढे जाते ते नुकसान खरं. मीटरवर दहा हजार झाले तेव्हा गाडी दहा हजार चारशे चाललेली असते.

वेगाचा काटा आणखी गुंतागुंतीचा आहे. संयुक्त राष्ट्रांच्या वाहन नियमांतला 39 वा नियम सांगतो की काट्याने खऱ्या वेगापेक्षा कमी वेग कधीही दाखवू नये. जास्त दाखवला तर चालेल, तोही खऱ्या वेगाचा दहावा भाग अधिक 4 किलोमीटर, एवढ्यापुरताच. म्हणजे गाडी खरोखर 80 ने जात असेल तर काटा 80 ते 92 च्या मध्ये हवा. म्हणून कारखाने काटा मुळातच थोडा पुढे ठेवतात. चार टक्के मोठा टायर घातला की ही राखीव जागा खाल्ली जाते, काटा मोबाइलच्या जीपीएसशी जुळतो आणि ड्रायव्हरला वाटतं मीटर सुधारलं. पुढच्या वेळी तो आणखी एक माप वर जातो. आता काटा 80 दाखवतो तेव्हा गाडी 83 च्या आसपास चाललेली असते, आणि हे सांगणारं गाडीत काहीच नसतं.

पांदणीवर हे चाललं असतं. 11 डिसेंबर 2022 रोजी समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा खुला झाला आणि जालन्याच्या पिकअपला अखंड काँक्रीटचा रस्ता मिळाला. तिथे लहान गाड्यांना 120 आणि मालवाहू गाड्यांना 80 ची मर्यादा आहे. 2015 पासून टप्प्याटप्प्याने मालवाहू गाड्यांना वेग अडवणारं यंत्र सक्तीचं झालं, पण तेही चाकाच्या फेऱ्यांवरच वेग ठरवतं. मोठ्या टायरवर त्या यंत्राचं 80 सुद्धा खरं 80 राहत नाही. जास्तीचा वेग, कमी झालेली ब्रेकची पकड, वरून दीडपट माल आणि उन्हाळ्यातलं तापलेलं काँक्रीट, हे सगळं एकाच चाकावर येतं. 2023 मध्ये टायर फुटून झालेल्या अपघातांनंतर परिवहन विभागाने या महामार्गावर टायर तपासायला सुरुवात केली, गुळगुळीत टायरच्या गाड्या अडवल्या. टायर मूळ मापापेक्षा मोठा आहे हे मात्र नुसत्या डोळ्यांना दिसत नाही.

कायद्याचंही थोडक्यात सांगतो. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आणि सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी 2019 चा निकाल यांनी कारखान्याच्या मूळ तपशिलात मनाने बदल करायला मुभा ठेवलेली नाही. अपघातानंतर विम्याचा माणूस पहिल्यांदा टायरवरचा आकडा वाचतो.

स्टेपनीकडे तर कुणी पाहतच नाही. चार टायर मोठे आणि पाचवा जुन्या मापाचा, अशी गाडी पंक्चर झाली की मागच्या अ‍ॅक्सलवर दोन वेगळ्या घेरांची चाकं येतात. मग सरळ रस्त्यावरही डिफरन्शियलच्या आतले गिअर सतत फिरत राहतात, जे खरं तर वळणावर फिरायला बनवलेले आहेत. शंभर-दोनशे किलोमीटर असंच भरून पळवलं तर आतलं ऑइल तापतं आणि गिअर झिजतात.

आधी मीटरची केबल गिअरबॉक्सला लागायची तिथे नायलॉनचं छोटं पिनियन असायचं. एक-दोन दात्यांचा फरक असलेलं पिनियन टाकलं की मीटर बरंचसं जुळायचं. त्या पाण्याच्या गाडीला मिस्त्रीने तेच केलं होतं. आता केबल गेली, सेन्सर आला, टायरचा घेर संगणकात भरलेला असतो आणि तो बदलायला कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जावं लागतं, तेही मंजूर मापांपुरतंच.

ज्यांच्या दारात मोठ्या टायरची पिकअप उभी आहे, त्यांनी एवढं करावं. जालन्याजवळून समृद्धीवर चढल्यावर कडेच्या किलोमीटर पाट्या बघून बरोबर दहा किलोमीटर जावं आणि मीटरवर किती वाढले ते पाहावं. दहाच्या जागी नऊ पूर्णांक पाच-सहा आले, तर काटा 76 च्या पुढे जाऊ देऊ नका, आणि पुढचे टायर घेताना गाडीच्या दारावर किंवा पुस्तकात लिहिलेलं माप मागा.