थायरॉइड बिघडली की ठोके का चुकतात?
गळ्यातली थायरॉइड ग्रंथी जास्त हार्मोन सोडू लागली, की हृदयाचे ठोके वाढतात. वरच्या कप्प्यांतले विद्युत संदेश विस्कळीत होऊन ‘एट्रियल फिब्रिलेशन’ होऊ शकते. मग नाडी भरभर आणि अनियमित लागते; कप्प्यात रक्ताची गुठळी होऊन पक्षाघाताचा धोकाही वाढतो. उतारवयात हात थरथरणे, घाम येणे ही लक्षणे नसतातही. नुसती धडधड आणि घटलेले वजन एवढेच दिसते. म्हणून थायरॉइडसाठीची टीएसएच ही रक्ततपासणी टाळू नका. हार्मोन कमी पडले, तर ठोके मंदावतात.

ठोक्यांची लय सुधारणाऱ्या अमिओडॅरोन या औषधाच्या २०० मिलिग्रॅमच्या गोळीत सुमारे ७५ मिलिग्रॅम आयोडीन असते. त्यानेही थायरॉइड बिघडू शकते. ही गोळी चालू असेल, तर साधारण दर ६ महिन्यांनी थायरॉइड तपासून घ्या. हार्मोन कमी पडल्यास दिल्या जाणाऱ्या थायरॉक्सिनचा डोस मात्र मनाने कधीच वाढवू नका.