हिऱ्यांच्या शहरातले शिंपी

अँटवर्प म्हटलं की आपल्याकडे हिरे आठवतात. पालनपुरी कुटुंबांनी मुंबईत आणि तिथे पेढ्या थाटल्या, त्यामुळे बेल्जियममधलं हे बंदर मुंबईच्या हिरेबाजाराला परकं नाही. चित्रकलेच्या अभ्यासकाला ते रुबेन्सचं गाव म्हणून ठाऊक असतं. फॅशनच्या नकाशावर मात्र १९८०पर्यंत त्याचं नाव नव्हतं. ती मिरास पॅरिस, मिलान, लंडनची. बेल्जियन कारखानदार तर आपल्या मालाला फ्रेंच किंवा इटालियन वाटेल असं नाव देत. अशा शहरातून पुढच्या वीसेक वर्षांत कपड्यांकडे पाहण्याची नजर बदलणारी माणसं निघाली. याचं पहिलं श्रेय मी एका शाळेला देईन.

अँटवर्पची रॉयल अकॅडमी ऑफ फाइन आर्ट्स १६६३ सालची. फॅशनचा विभाग तिथे बरोबर तीनशे वर्षांनी, १९६३ मध्ये निघाला. तो उभा केला मेरी प्रिझो या शिक्षिकेने. शनेलच्या नेटक्या शिस्तीवर बाईंची श्रद्धा होती. पंक संगीत ऐकणाऱ्या मुलांना ती शिस्त जाचायची, पण त्या जाचातून हात तयार झाले. विभागाचा अभ्यासक्रमही मोठा कसदार आहे. दुसऱ्या वर्षाला विद्यार्थ्याने इतिहासातला एक पोशाख निवडायचा आणि तो हुबेहूब शिवायचा. आतल्या शिवणीपासून बाहेरच्या चुण्यांपर्यंत सगळं त्या काळातलं असलं पाहिजे. तिसऱ्या वर्षाला हेच एखाद्या लोकसमूहाच्या पारंपरिक वेशाबाबत करायचं, आणि त्या अभ्यासातून स्वतःचे नवे कपडे काढायचे. स्वतःचा संपूर्ण संग्रह चौथ्या वर्षी. आधी दुसऱ्याचं काम मान खाली घालून समजून घ्यायचं, मग आपलं बोलायचं. आपल्या गायकीतली तालीम ज्यांना माहीत आहे त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

शाळेच्या जोडीला काळही मदतीला आला. बेल्जियमचा कापडधंदा तेव्हा मोडकळीला आला होता. सरकारने त्याला सावरण्यासाठी योजना आखली आणि तिच्यात नुसत्या यंत्रांवर नव्हे, डिझायनरांवरही पैसा लावला. ‘सोनेरी चाती’ नावाची स्पर्धा सुरू झाली. तिचं पहिलं, १९८२चं पारितोषिक अॅन डेम्युलेमेस्टर यांनी मिळवलं. त्याच वर्षी जानेवारीत मुंबईत गिरणी संप सुरू झाला, हे आठवल्यावाचून राहत नाही. तिकडे पॅरिसमध्ये १९८१ साली रेइ कावाकुबो आणि योजी यामामोतो या जपान्यांनी काळे, विरलेले, अंगाला न चिकटणारे कपडे दाखवून खळबळ उडवली होती. पॅरिसबाहेरचा माणूस पॅरिसला आपलं म्हणणं ऐकवू शकतो, हे अँटवर्पच्या तरुणांना त्यातून कळलं.

मग आलं १९८६ साल. डेम्युलेमेस्टर, ड्रीस व्हान नोटेन, वॉल्टर व्हान बेरेंडोंक, डिर्क व्हान साने, डिर्क बिकेमबर्ग्स आणि मरीना यी अशा सहा जणांचे कपडे व्हॅनमध्ये भरून मंडळी लंडनच्या प्रदर्शनाला गेली. पादत्राणांचे दुकानदार गेर्ट ब्रुलोट यांनी त्यात पुढाकार घेतला होता. जागा मिळाली ती वरच्या मजल्यावर, लग्नाच्या पोशाखांच्या शेजारी. तिकडे कोणी फिरकेना. शेवटी त्यांनी पत्रकं छापली आणि खाली जाऊन वाटली. माणसं वर आली, न्यूयॉर्कच्या बार्नीज या बड्या दुकानाने माल घेतला. ही फ्लेमिश नावं इंग्रजी पत्रकारांच्या जिभेवर बसेनात, तेव्हा ‘अँटवर्पचे सहा’ हे एकच नाव रूढ झालं. खरं तर त्यांची शैली एक नव्हतीच. बेरेंडोंक भडक रंगांचे आणि बेधडक, डेम्युलेमेस्टर काळ्या-पांढऱ्यात रमणाऱ्या, बिकेमबर्ग्स खेळाडूंच्या पोशाखाकडे वळलेले.

व्हान नोटेन यांचे आजोबा शिंपी होते. जुने कपडे उसवून, उलटून ते नव्याने शिवत. नातवाने १९८९ मध्ये नॅशनालेस्ट्राट या रस्त्यावर ‘मोडेपालेस’ हे दुकान थाटलं आणि जाहिरातीवर खर्च न करता जगभर गिऱ्हाईक मिळवलं. त्यांच्या कपड्यांवरचं भरतकाम वर्षानुवर्षं कोलकात्याच्या बाजूला होत आलं आहे. हंगाम कोणताही असो, संग्रहात भरतकाम ठेवायचंच, म्हणजे तिथल्या कारागिरांचे हात रिकामे राहणार नाहीत, हा त्यांचा आग्रह. फॅशनच्या धंद्यात पुढच्या हंगामाला मागचा हंगाम शिळा होतो, तिथे या सातत्याची किंमत मला फार मोठी वाटते.

मार्टिन मार्जेला त्या सहांपैकी नव्हेत, पण त्याच शाळेचे आणि माझ्या मते सगळ्यांत खोल विचाराचे. जाँ पॉल गोतिए यांच्या हाताखाली काम करून त्यांनी १९८८ मध्ये जेनी मेरेन्स यांच्याबरोबर पॅरिसमध्ये स्वतःचं फॅशन-घर सुरू केलं. लेबलवर नाव नाही, नुसती कोरी पांढरी पट्टी, चार कोपऱ्यांवर चार टाके. ते टाके कपड्याच्या पाठीवर बाहेरून दिसतात. फोटो काढू देणं नाही, मुलाखत फॅक्सवर. पहिल्या शोमध्ये अंगठा वेगळा असलेले जपानी धाटणीचे बूट लाल रंगात बुडवून मॉडेल पांढऱ्या कापडावरून चालल्या. ते ठसे उमटलेलं कापड मार्जेला यांनी टाकून दिलं नाही, पुढच्या हंगामात त्याचेच कपडे शिवले. बूट कसा हे प्रेक्षकाने पायाच्या ठशावरून ओळखावं, आणि तो ठसा पुन्हा अंगावर चढावा! पुढे हेर्मेससारख्या जुन्या, श्रीमंत घराने १९९७ मध्ये याच माणसाला बोलावलं.

राफ सिमन्स यांनी तर फॅशन शिकलीच नाही. खेंकमध्ये औद्योगिक डिझाइन केलं, अकॅडमीच्या लिंडा लोप्पा यांनी त्यांना हुरूप दिला, १९९५ मध्ये ते मैदानात उतरले. पुढे दिओर, केल्विन क्लाइन, आणि २०२०पासून प्राडा. जॉर्जियातून आलेले डेम्ना याच अकॅडमीत शिकले, बालेन्सियागा गाजवून २०२५ मध्ये गुच्चीकडे गेले. ब्रुजचे ग्लेन मार्टेन्स त्याच वर्षी मार्जेलांच्या घराचे प्रमुख झाले. नॅशनालेस्ट्राटवर २००२पासून फॅशनचं संग्रहालय आहे. व्हान नोटेन यांनी २०२४ मध्ये निवृत्ती घेतली. त्यांच्या जागी आलेले ज्युलियन क्लाउसनर शिकले ब्रुसेल्सच्या ला कांब्र या संस्थेत, अँटवर्पच्या अकॅडमीची जुनी स्पर्धक असलेल्या शाळेत.