अंगणासाठी दगडी फरशी घेताय? आधी तिच्यावर पाणी ओता!

घरापुढे किंवा मागच्या दारी थोडी मोकळी जागा असली, की तिथं दोन खुर्च्या, चार कुंड्या आणि पायाखाली छान दगडी फरशी असावी असं वाटतंच. मग आपण दुकानात जातो आणि सगळ्यात चकचकीत नमुन्यावर बोट ठेवतो. गडबड होते ती इथंच. ही फरशी पावसात भिजणार आहे आणि तिच्यावरून आजी-आजोबाही चालणार आहेत.

म्हणून दुकानदाराकडे तांब्याभर पाणी मागा. नमुना ओला करा आणि रोजची चप्पल घालून त्यावर उभं राहा. पाय जरा जरी सरकला, तरी तो नमुना बाजूला ठेवा. दगड बदलायलाच हवा असं नाही. घरात पॉलिश करून बसवतात तोच कोटा अंगणासाठी बिनपॉलिशचा, खरबरीत मिळतो. ग्रॅनाइट हवा असेल तर ‘फ्लेम फिनिश’ मागा. यात आगीच्या झोताने दगडाचा वरचा थर खडबडीत केलेला असतो.

कोणता दगड घ्यावा?

दगड जड, त्यामुळे वाहतूक महाग. जवळ मिळेल तो आधी बघा. इंदूरकरांना राजस्थानचा कोटा सोयीचा, हैदराबादेत तांदूर, तर सोलापूरकडे कर्नाटकातून येणारी शहाबादी. हे तिन्ही चुनखडीचे दगड आहेत. त्यांच्यावर अ‍ॅसिड पडलं की डाग कायमचा, म्हणून बाथरूमसाठीचं अ‍ॅसिड अंगणात वापरू नका. साधा झाडू आणि सौम्य साबणाचं पाणी पुरेसं आहे.

धोलपूर किंवा जोधपूरचा वालुकाश्म मुळातच खरबरीत असतो, पाय छान धरतो. पण तो पाणी पितो. झाडाच्या सावलीतल्या ओलसर कोपऱ्यात त्यावर शेवाळ लवकर धरतं. आणि काळा कडप्पा? फोटोत देखणा दिसतो, मान्य. पण मे महिन्यातल्या दुपारी त्यावर अनवाणी पाय ठेवून बघा! लहान मुलं खेळणार असतील तर फिकट रंगच बरा.

खरा खर्च फरशीखाली

वर कितीही महागडा दगड लावा, खालची माती खचली की फरशी हलणार. आधी माती धुम्मसने ठोकून घट्ट करून घ्या, त्यावर मुरूम-खडीचा थर, मग काँक्रीट आणि शेवटी सिमेंट-वाळूच्या मसाल्यात फरशी. घाईत काही जण फरशीच्या चार कोपऱ्यांना मसाल्याचे गोळे लावून मोकळे होतात. मधे पोकळी राहते, तिथं पाणी साचतं आणि एखादी जड कुंडी ठेवली की फरशी तडकते. मसाला पूर्ण फरशीखाली हवा. दुसऱ्या दिवशी हलक्या हातोडीने ठोकून ऐका. ‘ठक्क’ऐवजी पोकळ आवाज आला तर ती फरशी तिथल्या तिथं काढून पुन्हा बसवायला सांगा.

दुसरी गोष्ट उताराची, आणि इथं गवंड्याचं ‘होईल हो ताई’ ऐकून गप्प बसू नका. उतार घरापासून बाहेरच्या बाजूला हवा, दहा फुटांना साधारण दीड इंच. अंगण घराच्या जोत्यापेक्षा सहाएक इंच खाली राहील असं पाहा, नाहीतर भिंतीला ओल धरते. सांधे भरण्याआधी बादलीभर पाणी ओतून ते कुठं जातं ते बघा. डबकं साचलं तर दुरुस्ती आताच सोपी आहे.

फरश्या एकमेकींना चिकटवून बसवू नका. उन्हात दगड थोडासा प्रसरण पावतो, म्हणून आठ-दहा मिलिमीटरचा सांधा ठेवा. नैसर्गिक दगडात प्रत्येक फरशीची छटा वेगळी असते. सगळा माल उतरवून, चार-पाच ढिगांतून आलटून पालटून घेत आधी कोरडाच मांडून पाहा, म्हणजे एका कोपऱ्यात सगळे गडद ठिपके जमणार नाहीत.

गच्चीवर किंवा बाल्कनीत हेच करायचा विचार असेल तर जरा थांबा. इंचभर जाडीच्या दगडाचं वजन एका चौरस मीटरला साधारण 65 किलो भरतं, शिवाय खालचा मसाला वेगळा. इंजिनिअरला विचारल्याशिवाय आणि वॉटरप्रूफिंग तपासल्याशिवाय ऑर्डर देऊ नका.

माल मोजमापापेक्षा दहा टक्के जास्त घ्या. कापताना तुटफूट होतेच, आणि उरलेल्या फरश्या जपून ठेवा. दोन वर्षांनी अगदी तीच छटा पुन्हा मिळणं कठीण.