तिसऱ्या रात्रीची नोंद

गोंदिया जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, अर्जुनी मोरगाव तालुक्यात, मिरचीसाठी ओळखल्या जाणाऱ्या केशोरीसारख्या गावात मानसिक आरोग्याची परिचर्या मुख्यतः परिचारिकेच्या नजरेवर उभी असते. कारण मनोविकारतज्ज्ञ जिल्ह्याच्या ठिकाणी, शासकीय प्रादेशिक मनोरुग्णालय नागपूरला आणि रुग्ण मात्र मध्यरात्री जवळच्या आरोग्य केंद्राच्या खाटेवर, अशी एकूण व्यवस्था आहे. देशात १९९६ मध्ये सुरू झालेल्या जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाने आणि २०२२ पासून चालू असलेल्या १४४१६ या टेलिमानस सेवेने हे अंतर काहीसे कमी केले असले, तरी फोनवर नेमके काय सांगायचे हे खाटेजवळ उभ्या असलेल्या व्यक्तीलाच ठरवावे लागते.

या ठरवण्यालाच परिचर्याशास्त्रात क्लिनिकल जजमेंट म्हणतात, म्हणजे समोर दिसते त्यातले महत्त्वाचे कोणते हे ओळखून त्याचा अर्थ लावणे आणि त्यानुसार कृती करणे. ख्रिस्टीन टॅनर या अमेरिकन संशोधिकेने २००६ मध्ये त्याचे चार भाग मांडले: लक्षात येणे, अर्थ लावणे, प्रतिसाद देणे आणि नंतर आपल्याच निर्णयाकडे वळून पाहणे. परीक्षेत हे चार भाग पायऱ्यांसारखे लिहिले जातात, प्रत्यक्षात मात्र अर्थ लावता लावताच आधी न दिसलेले काहीतरी लक्षात येते आणि पुन्हा मागे जावे लागते. विद्यार्थिनींना हे मागे जाणे शिकवणेच सर्वांत अवघड असते.

या भागात वारंवार उभा राहणारा प्रसंग उदाहरणादाखल घेता येईल. ताप आला किंवा हाड मोडले म्हणून दाखल झालेला मध्यम वयाचा पुरुष पहिले दोन दिवस शांत असतो आणि तिसऱ्या रात्री अचानक उठून बसतो, चादरीवरून नसलेल्या मुंग्या झटकतो, समोरच्या भिंतीवर कोणी उभे असल्याचे सांगतो, आणि नातेवाईक ‘बाहेरचं लागलं’ असे ठरवून पुजाऱ्याला बोलावण्याच्या गोष्टी करू लागतात. मानसिक विकारांचा धडा नुकताच वाचलेल्या विद्यार्थिनीच्या मनात लगेच स्किझोफ्रेनिया येतो, आणि शास्त्रीय नाव सोडले तर तिची चूक नातेवाइकांच्या चुकीपेक्षा फारशी वेगळी नसते, कारण दोघांनीही शरीर तपासण्याआधीच निदान केलेले असते.

स्किझोफ्रेनियात प्रामुख्याने आवाज ऐकू येतात आणि आजार सहसा आठवड्यांनी, महिन्यांनी वाढत जातो. काही तासांत सुरू झालेला, कमी-जास्त होत राहणारा आणि डोळ्यांना नसलेले दाखवणारा गोंधळ मात्र डिलिरियमची शंका आणतो, ज्यात शरीरातल्या बिघाडामुळे मेंदूचे भान हरपते. तो ओळखण्यासाठी यंत्र लागत नाही. रुग्णाला वार उलटे म्हणायला सांगितले, तर भान शाबूत असलेला माणूस निरक्षर असला तरी बहुधा शनिवार, शुक्रवार, गुरुवार असा मागे येतो, डिलिरियममधला गुरुवारीच अडखळतो किंवा प्रश्नच विसरतो. मग दोन्ही हात समोर ताठ धरून बोटे फाकवायला सांगायची: बोटांच्या टोकांना बारीक, जलद कंप दिसतो, तळहात घामाने ओले असतात, नाडी शंभराच्या वर धावत असते. आता प्रश्न दारूचा येतो, आणि तो कसा विचारला जातो यावर पुढचे बरेच अवलंबून असते. घरी गाळलेली मोहाची दारू बेकायदा असल्याने ‘दारू पितात का?’ याला बायको मान हलवून नाही म्हणते. ‘शेवटची कधी घेतली होती?’ याला मात्र ‘भरती केलं त्याच्या आदल्या सांजेला’ असे उत्तर येऊ शकते. रोजची दारू अचानक तुटल्यावर साधारण दोन ते चार दिवसांत येणारा हा डिलिरियम ट्रेमेन्स वेळीच ओळखला नाही तर जीवावर बेततो.

तरीही चौकशी इथे थांबत नाही. गोंदिया-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात मेंदूत गेलेला फाल्सिपेरम मलेरिया हुबेहूब असेच चित्र उभे करू शकतो, म्हणून मलेरियाची रॅपिड टेस्ट, रक्तातली साखर आणि तापमान हे तिन्ही लगेच पाहायचे असतात. वैद्यकीय अधिकाऱ्याला कळवताना ‘पेशंट वेड्यासारखा करतो’ असे सांगितले, तर फोनवरून हॅलोपेरिडॉल मिळण्याची शक्यता असते, आणि दारू तुटलेल्या रुग्णात ते एकटेच दिले तर झटके येण्याचा धोका वाढतो. त्याला बहुधा लोराझेपाम किंवा डायझेपाम आणि इंजेक्शनने थायमिन हवे असते. साखर घसरलेली नसेल तर थायमिन ग्लुकोजच्या सलाइनआधी द्यावे, हे मुद्दाम विचारून घेण्याची जबाबदारी परिचारिकेचीच आहे.

म्हणूनच नोंदीची भाषा हा केवळ शिस्तीचा विषय राहत नाही. ‘रात्री २.१० : खाटेवर उठून बसला, चादर झटकत होता, मुंग्या असल्याचे म्हणाला, गाव बरोबर सांगितले, वार चुकला, नाडी ११८, हातांना कंप’ ही नोंद सकाळी आलेल्या डॉक्टरला विचार करायला साहित्य देते. ‘रुग्ण भ्रमिष्ट, सहकार्य करत नाही’ ही नोंद त्याचा विचार थांबवते. दुसऱ्या प्रकारच्या नोंदी अधिक का आढळतात, याचे एक कारण असे की त्या लिहायला रुग्णाजवळ जावे लागत नाही.

औषधाच्या परिणामाबाबतही अशीच गल्लत होते: हॅलोपेरिडॉल सुरू झाल्यावर एखाद्या तरुणाची मान वाकडी होऊन डोळे वर चढतात, आणि घरच्यांना अंगात आल्याची खात्रीच पटते. हा औषधाने आलेला स्नायूंचा ताण, म्हणजे डिस्टोनिया असतो, आणि प्रोमेथाझिनच्या इंजेक्शनने तो बहुधा थोड्याच वेळात उतरतो.

उदासीनता ओळखण्याचे काम याहून संथ चालते. आशा कार्यकर्ती भरते त्या तपासणी-अर्जात गेल्या दोन आठवड्यांत कामात रस वाटला का आणि मन उदास होते का, असे दोन प्रश्न असतात, परंतु ‘उदास’ हा पुस्तकी शब्द बांधावरच्या बाईपर्यंत पोचत नाही; ती ‘मन लागत नाही’, ‘जीव घाबरते’ असे म्हणते किंवा नुसतीच डोके दुखल्याची गोळी मागते. तिसऱ्यांदा गोळी मागायला आलेल्या बाईला बसवून घेऊन ‘जगावंसं वाटत नाही असं कधी होते काय?’ हे सरळ विचारावे लागते. विचारल्याने आत्महत्येची कल्पना सुचते ही समजूत चुकीची आहे, आणि २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असेच गृहीत धरले असल्याने खरे सांगितले म्हणून पोलिसांची भीती बाळगायचे कारणही उरत नाही. उत्तर ‘हो’ आले, तर धानाच्या आणि मिरचीच्या या मुलखात पुढचा प्रश्न फवारणीच्या औषधाचा असतो: ते घरात कुठे ठेवले आहे, कपाटाला कुलूप आहे का, आणि किल्ली आज संध्याकाळपासून कोणाकडे राहणार.