पराभूत उमेदवाराचा प्रश्न

निकाल लागला की विजयी उमेदवाराच्या गळ्यात हार पडतात आणि पराभूताचे नाव चार दिवसांत विस्मृतीत जाते, हा लोकशाहीतील नित्याचा व्यवहार आहे. परंतु काही पराभव असे असतात की, त्यांनी उभा केलेला प्रश्न विजेत्याची मुदत संपल्यावरही शिल्लक राहतो. घटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर लोकसभेसाठी दोनदा उभे राहिले आणि दोन्ही वेळा पडले. या घटनेचा उच्चार कोणी मतदारांच्या कृतघ्नतेचा दाखला म्हणून करतो, कोणी काँग्रेसला दूषण देण्यासाठी करतो. आमच्या मते तिचे खरे मर्म या दोहोंपलीकडे आहे.

सप्टेंबर १९५१ मध्ये हिंदू कोड बिलाची परवड पाहून डॉ. आंबेडकरांनी केंद्रीय मंत्रिपदाचा त्याग केला आणि लगेचच आलेल्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत ते शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीने उत्तर मुंबईतून उभे राहिले. समाजवादी पक्षाशी त्यांचे सहकार्य होते. अशोक मेहता त्यांचे जोडीदार उमेदवार होते. मतदारसंघ द्विसदस्य होता. एक जागा सर्वसाधारण, एक राखीव. प्रत्येक मतदाराला दोन मते, मात्र ती दोन्ही एकाच उमेदवाराला देण्याची मुभा नाही. निकालात आंबेडकरांना १,२३,५७६ आणि काँग्रेसचे नारायण सदोबा काजरोळकर यांना १,३८,१३७ मते पडली. साडेचौदा हजारांच्या फरकाने राखीव जागा काँग्रेसकडे गेली. चौऱ्याहत्तर हजारांवर मते बाद ठरली होती. दुसरे मत वाया घालवण्याचा प्रचार झाला, अशी तक्रार आंबेडकर व मेहता यांनी निवडणूक अर्जाद्वारे केली. न्यायाधिकरणाने ती फेटाळली. तो वाद तेथेच मिटला, आणि तो आज उकरून काढण्याचे कारण नाही.

कारण मूळ प्रश्न बाद मतांचा नव्हता. राखीव जागेवरचा प्रतिनिधी निवडावयाचा कोणी, हा होता. काजरोळकर हेही दलित समाजातीलच होते, त्यांची निवड कायदेशीर होती आणि त्यांच्या योग्यतेविषयी शंका घेणे अनुदारपणाचे ठरेल. तथापि जागा ज्यांच्यासाठी राखलेली, त्यांचा कौल निर्णायक ठरेलच अशी सोय पद्धतीत नव्हती. मतदान सर्वांचे, म्हणून बहुसंख्यांना पसंत पडेल तोच अल्पसंख्यांचा प्रतिनिधी. नेमकी हीच भीती आंबेडकरांनी गोलमेज परिषदेत मांडली होती आणि तिच्यापोटीच स्वतंत्र मतदारसंघ मागितला होता. सप्टेंबर १९३२ च्या पुणे कराराने तो गेला. बदल्यात राखीव जागा वाढल्या आणि प्राथमिक निवडणुकीची तरतूद झाली : दलित मतदारांनी आधी चार उमेदवार निवडावेत, त्यांतून एक सर्वांनी मिळून निवडावा. ही तरतूद दहा वर्षांपुरती होती. स्वतंत्र भारताच्या घटनेत राखीव जागा राहिल्या, संयुक्त मतदारसंघ राहिला. प्राथमिक निवडणूक मात्र राहिली नाही. ज्या घटनेच्या रचनेत त्यांचा इतका मोठा वाटा, तिच्याखालीच झालेल्या पहिल्या निवडणुकीत आंबेडकरांना आपल्या जुन्या युक्तिवादाचा प्रत्यय स्वतःच्या उदाहरणाने यावा, हा इतिहासाचा कठोर विनोद म्हटला पाहिजे.

दुसरी बाजूही दृष्टीआड करता येत नाही. संयुक्त मतदारसंघ उमेदवाराला आपल्या समाजाबाहेर जाऊन मत मागावयास लावतो आणि इतरांनाही दलित उमेदवारासमोर हात जोडावयास लावतो. त्याच निवडणुकीत फेडरेशनचे पां. ना. राजभोज सोलापूरच्या राखीव जागेवरून विजयी झाले होते, हेही नमूद केले पाहिजे. पद्धत सर्वस्वी बंद दरवाजा नव्हती. पण तिची किल्ली दुसऱ्याच्या हाती होती.

१९५२ मध्येच आंबेडकर राज्यसभेवर निवडून गेले. संसदेत आसन होते, प्रकृती साथ देत नव्हती. तरीही १९५४ मध्ये, तेव्हा मध्य प्रदेशात असलेल्या भंडारा मतदारसंघाच्या पोटनिवडणुकीत ते पुन्हा मतदारांपुढे गेले. तेथेही जोडीला अशोक मेहता होते. मेहता निवडून आले. राखीव जागा काँग्रेसचे भाऊराव बोरकर यांनी जिंकली आणि आंबेडकर सुमारे आठ हजार मतांनी पडले. जोडीदार तरला, नेता बुडाला. पुढच्याच वर्षी, १९५५ मध्ये, फेडरेशनने कायदेमंडळांतील राखीव जागाच रद्द कराव्यात असा ठराव केला. या ठरावामागे केवळ वैफल्य होते असे समजणे भाबडेपणाचे होईल. ज्या साधनाने अपेक्षित कार्य होत नाही, ते सोडून देण्याचे धैर्य त्यात होते.

द्विसदस्य मतदारसंघ १९६१ च्या कायद्याने गेले, दोन मतांचा घोळ संपला. मुख्य प्रश्न मात्र उरला. राखीव जागांची मुदत वेळोवेळी वाढत गेली. पण त्या जागेवरून निवडून येणाऱ्याने मान कोणापुढे तुकवावी, आपल्या दुबळ्या बांधवांपुढे की तिकीट देणाऱ्या पक्षापुढे, याचे उत्तर मुदतवाढीच्या ठरावांत सापडत नाही. ते शोधण्याची जबाबदारी राखीव जागांतील प्रतिनिधींइतकीच, तेथे मत देणाऱ्या बहुसंख्य मतदारांचीही आहे. पुतळ्यांना हार घालणे सोपे आहे. पराभूत आंबेडकरांनी मागे ठेवलेला हा प्रश्न आपल्या मतपत्रिकेशी नेऊन भिडवणे, हे त्याहून अवघड आणि त्याहून अगत्याचे कर्तव्य होय.